पचन होईपर्यंत समुद्र बंद

विश्रांती हे आळशी माणसाचं काम नाही. आळस कुणालाही जमतो. विश्रांतीला नियम लागतात, ते पाळणारी माणसं लागतात, आणि जी पाळत नाहीत त्यांच्यावर लक्ष ठेवायला त्याहून जास्त माणसं लागतात. इटलीत, लिगुरियाच्या आमच्या किनाऱ्यावर या सगळ्याची उत्तम सोय आहे. म्हणूनच दर ऑगस्टमध्ये अर्धं आलेस्सांद्रिया शहर इथे येऊन विसावतं. परत जाताना सगळे थकलेले असतात. सुट्टी नीट लागू पडल्याची ती खूण मानतात.

आमच्या किनाऱ्यावर छत्र्या ओळीने लावलेल्या असतात. पहिली ओळ वारशाने मिळते. दुसरी मिळवायला बरीच वर्षं येत राहावं लागतं, आणि पहिल्या ओळीतलं कुणी वारलं की मनापासून हळहळावं लागतं. आम्ही दुसऱ्या ओळीत आहोत. इथून समुद्र दिसतो, पण त्याआधी पहिल्या ओळीतली माणसं दिसतात. त्यांच्याविषयी बोलायला ही रचना सोयीची पडते.

आम्ही चौघं आहोत: मी, निव्हेस, फिओरेन्झा आणि फिओरेन्झाचा नवरा गुआल्तिएरो. आमची मुलं इथल्या वाळूत खड्डे खणायची तेव्हापासूनची ओळख. मुलं मोठी होऊन दुसऱ्या समुद्रांवर गेली, खड्डे बुजले, आम्ही येतच राहिलो. गुआल्तिएरो दातांचा डॉक्टर होता, आता निवृत्त आहे. दुसऱ्या ओळीतला सर्वोच्च वैद्यकीय अधिकारी तोच. (पहिल्या ओळीत एक खरे हृदयतज्ज्ञ येतात, पण ते सुट्टीत कुणाशी बोलत नाहीत.) पचनाच्या बाबतीत त्याचा शब्द अंतिम असतो, कारण पचनसंस्थेच्या दारातच त्याने आयुष्यभर काम केलं आहे. फिओरेन्झा स्वयंपाक करते. बाकी सगळं त्यातून आपोआप ठरतं. निव्हेस पोहते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे उन्हाचं मलम कोणतं घ्यावं हे सगळे मला विचारतात आणि मग दुसरं घेतात.

आता मुख्य नियम. जेवल्यावर तीन तास समुद्रात जायचं नाही. गेलं तर पोटातलं अन्न गारठ्याने थिजतं, रक्ताला कुठे धावावं ते कळेनासं होतं, आणि माणूस बुडतो. हे आम्हाला आईने सांगितलं, आईला तिच्या आईने. असा बुडालेला माणूस प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नाही. पण प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीत एक आहे, आणि तो शेजारच्या गावचा आहे. (शेजारच्या गावी चौकशी केली की तो आमच्या गावचा निघतो. म्हणजे निदान दोघं तरी झाले.)

नियम कठोर असला तरी अमानुष नाही. घोट्यापर्यंतचं पाणी पाण्यात धरत नाहीत. गुडघ्यापर्यंत जाऊन, कमरेवर हात ठेवून, रात्रीच्या जेवणाविषयी बोलत उभं राहायला हरकत नसते. मात्र चेहरा गंभीर हवा, म्हणजे पोहण्याचा इरादा नाही हे पाहणाऱ्याला कळतं. आमच्या ओळीत जे समुद्रस्नान होतं, त्याचा फार मोठा भाग असा उभ्याने होतो. अंग कोरडं राहतं आणि समुद्रावर जाऊन आल्याचं समाधानही मिळतं.

परदेशी पाहुण्यांचा अपवाद मात्र नोंदवायला हवा. जर्मन कुटुंबं हातातला सॉसेजचा शेवटचा घास गिळत थेट पाण्यात उडी मारतात. त्यांच्यातलं अजून कुणी बुडालेलं नाही. यावरून काही सिद्ध होत नाही, असं गुआल्तिएरो सांगतो, कारण ते जे खातात त्याला जेवण म्हणता येत नाही.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात एक खडक आहे. पाठ गोल, एका बाजूला मान काढल्यासारखा. आम्ही त्याला कासव म्हणतो. पोहत जायला फार तर दहा मिनिटं. गावातली पोरं दिवसभर त्याच्यावरून उड्या मारत असतात. आम्ही पहिल्याच वर्षी ठरवलं होतं की चौघांनी मिळून कासवावर जायचं, वर बसायचं आणि तिथून आपल्या छत्र्यांकडे बघायचं. बेत इतका चांगला होता की तो आम्ही दर वर्षी नव्याने ठरवला. "उद्या कासवावर" हे वाक्य आमच्यात "शुभ रात्री"च्या जागी म्हटलं जातं.

गेल्या वर्षी निव्हेसने हेच वाक्य सकाळी म्हटलं. तिथून बिघडायला सुरुवात झाली.

"यंदा कासवावर जायचं," पहिल्याच दिवशी टॉवेल पसरता पसरता ती म्हणाली. "चौघांनी. खरंच जायचं."

"जाऊ की," गुआल्तिएरो म्हणाला. "नाही कोण म्हणतंय?"

"म्हणत कुणीच नाही. जातही कुणी नाही. मी सप्टेंबरात चालले, गुआल्तिएरो. पुढच्या वर्षी मी नसणार."

हे आम्हाला माहीत होतं. तिची मुलगी विनिपेगला असते, तिला जुळी मुलं आहेत, निव्हेसने घर विकलं होतं. आम्ही नकाशात विनिपेग पाहून ठेवलं होतं. तिथून समुद्राकडे कुठल्याही दिशेने निघालं तरी आधी बराच कॅनडा लागतो.

"म्हणून तर म्हणते," निव्हेस म्हणाली. "एकदा चौघं तिथे बसू. बाकी मला काही नको."

फिओरेन्झाचे डोळे भरून आले. तिने निव्हेसला जवळ घेतलं, मुका घेतला आणि म्हणाली, "जाऊच. पण आज नको गं. आत्ताच तर आलोय. अंगाला हवा तर मानवू दे."

समुद्राच्या हवेत आयोडीन असतं आणि ते शरीराला हळूहळू द्यावं लागतं, हे सर्वमान्य आहे. पहिला दिवस त्यात गेला.

दुसऱ्या दिवसापासून अडचण अंकगणिताची होती. सकाळी नाश्ता होतो. नंतर बेकरीतून फोकाच्चा पाव येतो, गरम, तेलाने चमकणारा; तो दुधाच्या कॉफीत बुडवून खायचा असतो. मग दुपारचं जेवण. मग आइस्क्रीम. मग संध्याकाळचा पेला आणि त्याच्याबरोबर ऑलिव्ह, खारे शेंगदाणे आणि वडीलधाऱ्यांच्या तब्येती. मग रात्रीचं जेवण. या प्रत्येकापुढे तीन तास मांडून मी हिशेब केला, तर समुद्र आम्हाला रोज उघडा मिळत होता, फक्त पहाटे. पहाटे पाणी थंड असतं, म्हणून कुणी जात नाही.

मी हा निष्कर्ष सांगितला. गुआल्तिएरो म्हणाला, "बघ, शास्त्रसुद्धा तेच सांगतंय."

तरीही एका दुपारी योग अगदी जुळून आला होता. जेवण हलकं झालं होतं, समुद्र ताटासारखा सपाट होता, तीन तास भरत आले होते. चौघंही पोहण्याच्या कपड्यांत खुर्च्यांच्या कडेवर बसलो होतो. गुआल्तिएरोने तर चष्मा काढून डबीत ठेवला होता. निव्हेसने वाट पाहता पाहता पिशवीतून एक पीच काढलं आणि खाल्लं.

फिओरेन्झाचं लक्ष गेलं तेव्हा हातात फक्त बी उरली होती.

"निव्हेस! काय केलंस हे?"

"काय केलं? पीच खाल्लं."

"अगं, आता? दहा मिनिटं राहिली असताना?"

"फळ आहे ते, फिओरेन्झा."

"फळ म्हणजे काय हवा असते? गुआल्तिएरो, बघ रे, हिने काय करून ठेवलंय."

गुआल्तिएरोने डबीतून चष्मा काढून परत डोळ्यांवर चढवला. "सालीसकट?" त्याने विचारलं.

"सालीसकट."

त्याने डोळे मिटले. असे डोळे त्याने पूर्वी फक्त अक्कलदाढेच्या फोटोपुढे मिटले असतील.

एवढ्यात पलीकडच्या छत्रीतल्या वांदाबाई उठून आल्या. कुठल्याही छत्रीखाली आवाज चढला की त्या येतात. ते त्यांचं सुट्टीतलं काम आहे. "पीच?" त्या म्हणाल्या. "पीचचं काही सांगू नका मला. माझा दीर जर्दाळूने गेला."

"बुडून?" निव्हेसने विचारलं.

"छे, बुडून नाही. तीन वर्षांनी गेला. पण सुरुवात तिथूनच झाली."

"तू बोल की गं काहीतरी," निव्हेस माझ्याकडे वळली. "तू सायन्सवाली ना?"

मी म्हटलं की पीचमध्ये जवळजवळ सगळं पाणीच असतं, नव्वद टक्क्यांच्या आसपास. मला वाटलं, याने प्रश्न सुटेल.

"ऐकलंत?" गुआल्तिएरो म्हणाला. "म्हणजे आतून पाणी, बाहेरून पाणी, आणि मध्ये आपली निव्हेस. चेपून जाईल बिचारी."

ओळीतल्या इतर छत्र्यांचाही सल्ला घेण्यात आला. पीच हे अन्न आहे असं पाच छत्र्यांचं मत पडलं, नाही असं दोघींचं. एका छत्रीने पीच कुठल्या दुकानातलं ते विचारलं. शेवटी पाऊण तास ठरला, सालीसाठी पंधरा मिनिटं वेगळी. निकाल उदार होता, पण तो लागेपर्यंत सूर्य टेकडीमागे गेला होता. फिओरेन्झाला मानेवर वारा जाणवला. ऑगस्टमधला असला तरी वारा तो वाराच, आणि ओल्या मानेवर बसला की माणूस नाताळपर्यंत वाकडा राहतो.

"उद्या," ती म्हणाली.

पुढच्या दिवशी निव्हेस जेवायलाच बसेना. डबे उघडले, ताटं मांडली, ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"मी नाही जेवत आज. म्हणजे मग तीन तास मोजायलाच नकोत."

माझ्या मते हा युक्तिवाद निर्दोष होता. पहिल्या ओळीतल्या हृदयतज्ज्ञांनीसुद्धा मात्र मान वळवली.

"रिकाम्या पोटी समुद्रात?" गुआल्तिएरो म्हणाला. "वेडी आहेस का तू? चक्कर येईल, पाण्याखाली जाशील. भरल्या पोटी जाणाऱ्याला निदान थोडा वेळ तरी मिळतो!"

"मग पोहायचं कधी रे?"

"पोट भरलेलं नसताना," गुआल्तिएरोने शांतपणे सांगितलं, "आणि रिकामंही नसताना."

अशी अवस्था दिवसात नेमकी कधी येते, हे त्याने सांगितलं नाही. मी त्या अवस्थेवर पुष्कळ विचार केला आहे. ती असणार; तशी असल्याशिवाय एक अवस्था संपून दुसरी सुरू कशी होणार? पण मोजता येईल इतकी ती टिकत नाही.

फिओरेन्झाचं दुःख वेगळं होतं. "माझ्या हातचं नको झालंय का तुला?" ती म्हणाली. "जा, विनिपेगला जा. तिथे घालेल तुला कुणीतरी डबाबंद काहीतरी." आणि तिने तोंड फिरवलं. निव्हेसने तिच्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, आणि ताट पुढे ओढलं. भरलेल्या भोपळी मिरच्या होत्या. चार तास.

मग पंधरा ऑगस्ट, आमच्याकडचा उन्हाळ्याचा मोठा सण, आला. त्या दिवशी दुपारचं जेवण संध्याकाळी संपतं. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. सगळे झोपले होते. नंतरचे दोन दिवस समुद्र खवळलेला होता. त्याच्या पुढच्या दिवशी खवळलेला नव्हता, पण आदल्या दोन दिवसांमुळे त्याच्यावरचा विश्वास उडाला होता.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला.

शेवटच्या दिवशी फिओरेन्झा वांगी करते: तळलेले काप, टोमॅटो, चीज, थरावर थर, मग भट्टीत. हे थर घरून झाकून आणले जातात आणि किनाऱ्यावर आल्यावर वाफ निघते. या वांग्यांना गुआल्तिएरोने खास पाच तास ठरवून दिलेले आहेत. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने बायकोचं केलेलं हे सर्वात जाहीर कौतुक असावं, आणि फिओरेन्झाही ते तसंच घेते. "माझ्या वांग्यांना पाच लागतात," ती नव्या माणसाला सांगते. वांदाबाईंच्या लझान्याला साडेतीन आहेत. त्या दोघींचं फारसं बोलणं नाही.

निव्हेस माझ्या शेजारी बसली होती. तिने वांगी खाल्ली. फिओरेन्झाने आग्रह करण्याआधी पुन्हा मागून घेतली. "शेवटचीच," ती म्हणाली. फिओरेन्झाने मोठा तुकडा वाढला, डोळे पुसले आणि कॉफी आणायला गेली. निव्हेसने तोही तुकडा संपवला, पावाच्या तुकड्याने ताट पुसून घेतलं, पाव खाल्ला. कॉफी आली, ती प्यायली. मग ती उठली, सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि पाण्याच्या दिशेने चालू लागली.

"पाय बुडवायला चालली असेल," गुआल्तिएरो म्हणाला.

घोटे बुडाले. गुडघे बुडाले. तिने कमरेवर हात ठेवले नाहीत, तेव्हा सगळे उभे राहिले.

"निव्हेस!" फिओरेन्झा ओरडली. "अगं, वांगी खाल्लीयेस!"

निव्हेसने पाण्यात झेप घेतली.

पुढचा प्रसंग आमच्या किनाऱ्याच्या सुरक्षाव्यवस्थेच्या दृष्टीने बोधप्रद आहे. फिओरेन्झा धावत जीवरक्षकाकडे गेली. जीवरक्षक इव्हानो पन्नाशीचा आहे, सगळ्या किनाऱ्यावर त्याच्याइतकं तुकतुकीत पोट दुसरं नाही. तो उंच खुर्चीवर बसून तळलेली मांदेली खात होता.

"जा ना रे बाबा! जा तिच्यामागे!"

"कसा जाऊ, बाई?" इव्हानोने तेलकट बोटं दाखवली. "मी आत्ताच जेवलोय."

मग सर्वांनी इकडेतिकडे पाहिलं. किनाऱ्यावर शंभरेक माणसं असतील आणि सगळी जेवलेली होती. दिवसातला सर्वात सुरक्षित तास तो. नियमानुसार त्या वेळी कुणी बुडू शकत नाही. आणि नियमानुसार बुडणाऱ्याला वाचवायलाही कुणी जाऊ शकत नाही. होडी काढायचं निघालं, पण वल्ही मारताना पोटाला पीळ पडतो असं वांदाबाईंनी सांगितलं, आणि इव्हानोने त्यांना दुजोरा दिला. त्याने शिट्टी तेवढी जोरात फुंकली. शिट्टी जेवणानंतर चालते.

निव्हेस कासवाजवळ पोचली. दोन पोरांनी तिला हात देऊन वर घेतलं. ती खडकावर बसली, केस पिळले आणि आमच्याकडे पाहून हात हलवला.

"या ना!" तिचा आवाज पाण्यावरून स्वच्छ आला. "काय सुंदर दिसताय तुम्ही इथून! या!"

"आत्ता कसे येणार?" गुआल्तिएरो ओरडला. "जेवलोय!"

"मीपण जेवलेय!"

दुसऱ्या ओळीने गुआल्तिएरोकडे पाहिलं, गुआल्तिएरोने घड्याळाकडे.

"बरं," थोड्या वेळाने तिकडून आवाज आला. "मी थांबते मग. तुमचं पचू दे."

आणि ती थांबली. पोरं उड्या मारून कंटाळली आणि गेली. दुपार कलायला लागली. ती पाय पाण्यात सोडून, आमच्याकडे तोंड करून बसली होती. अधूनमधून हात हलवायची, मग आम्ही हलवायचो. फिओरेन्झा पाण्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होती. "अजून बसलेय. बसलेय ना? बघ रे, कलंडली नाही ना?" दर थोड्या वेळाने ती विचारायची. अशा ताणात माणसं कोलमडतात, म्हणून वांदाबाईंनी मोठ्या मनाने आपली द्राक्षं काढली आणि ओळीत फिरवली. जीव टांगणीला लागलेला होता, हात आपोआप घडाकडे जात होते. तिकडून हात हलला की एक द्राक्ष, इकडून हलवला की एक.

पाच तास होत आले. गुआल्तिएरो उठला. मी त्याला खरोखर उठताना पाहिलं, हे नमूद करायला हवं. त्याने चष्मा काढला, पाण्याशी जाऊन मनगटं ओली केली, मानेला पाणी लावलं, पोटावर हबका मारला. फिओरेन्झाने टोपी चढवली. मीही चपला काढल्या. खडकावर निव्हेस उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले होते.

तेवढ्यात फिओरेन्झाचं लक्ष खुर्चीखाली पडलेल्या देठांकडे गेलं.

"गुआल्तिएरो," ती हळूच म्हणाली. "द्राक्षं."

"किती?"

"कोण मोजतंय? सगळ्यांनीच खाल्ली." (मी अकरा खाल्ली.)

"बिया?"

"गिळल्या."

गुआल्तिएरोच्या पोटावरून पाणी निथळत होतं. मग त्याने चष्मा लावला. मी चपला घातल्या. निव्हेसने हात खाली केले ते मी पाहिलं. खाणं आणि पोहणं यांचा संबंध दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात कधी आलेला नाही, पण तो नाही हे दाखवायला आपण पाण्यात जावं लागतं, आणि शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करू नयेत.

ऊन उतरलं तेव्हा ती पोहत परत आली. एकटी, सावकाश, उताणी. सगळी ओळ पाण्याशी जमली होती. फिओरेन्झाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, रडली, मारल्यासारखं केलं, परत रडली. गुआल्तिएरोने नाडी पाहिली आणि जीभ दाखव म्हणाला. दोन्ही उत्तम होत्या. तिथेच खरं संकट सुरू झालं.

ते आधी वांदाबाईंच्या लक्षात आलं. "काही झालं नाही म्हणजे?" त्या म्हणाल्या. "एवढी वांगी खाऊन?"

"पाच तासांची," कुणीतरी म्हणालं.

"असं म्हणतात बुवा," वांदाबाई म्हणाल्या, आणि फिओरेन्झाकडे बघून हसल्या. "हलकी झाली असतील यंदा."

फिओरेन्झाचा चेहरा पांढरा पडला. शक्यता तीनच होत्या आणि त्या सगळ्यांना दिसत होत्या. पहिली: नियम खोटा आहे. हे कुणाच्या मनातही आलं नाही. दुसरी: वांगी जड नव्हती, म्हणजे जर्मन लोकांच्या सॉसेजच्या पंगतीत जाऊन बसली. तिसरी राहिली.

"निव्हेस," फिओरेन्झा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "खरं सांग मला. वांगी खाल्लीस ना तू?"

निव्हेस टॉवेलमध्ये उभी होती, केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने फिओरेन्झाकडे पाहिलं. मग वांदाबाईंकडे. मग माझ्याकडे, कारण ताट पुसलेलं मी पाहिलं होतं. मग तिने मागे वळून कासवाकडेही एकदा पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "पहिला घास तेवढा खाल्ला. बाकीची कागदात गुंडाळून मांजराला टाकली."

"तरीच!" गुआल्तिएरो म्हणाला.

"तरीच!" सगळी ओळ म्हणाली.

"माझी वांगी मांजराला घातलीस!" फिओरेन्झा किंचाळली आणि तिला कडकडून मिठी मारली. इतकी आनंदात मी तिला मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती. त्या मांजराची मग आम्ही बरीच काळजी केली. ते त्या दिवशी पाण्यात गेलं नाही, हे बरं झालं. रात्री निघताना निव्हेस सगळ्यांना भेटली, मुके घेतले, आणि या वेळी "उद्या कासवावर" असं कुणी म्हणालं नाही. प्रसंगाचं भान राखण्यात आमची ओळ कधी चुकत नाही.

या वर्षी चौथी खुर्ची मिटवून छत्रीच्या दांड्याला टेकवून ठेवली आहे. काढून टाकली तर तिसऱ्या ओळीतल्यांना आशा वाटेल. परवा निव्हेसचा फोन आला, चित्रासह. मागे तळं होतं, राखाडी, मोठं, दोन पोरं त्यात आरडाओरडा करत होती. तिचे केस ओले होते.

"जेवून गेलीस?" फिओरेन्झाने विचारलं.

"जेवून."

"तिकडचं जेवण!" फिओरेन्झा आमच्याकडे बघून म्हणाली. "त्याने कोण बुडतंय!"

"कासवावर गेलात का गं?" निव्हेसने विचारलं.

गुआल्तिएरोने फोन फिरवून तिला कासव दाखवलं. पाणी सपाट होतं. "उद्या," तो म्हणाला. "आत्ताच फोकाच्चा खाल्लाय."

नियम आमचे असले तरी ते आमच्यापुरतेच आहेत असं मानण्याचं कारण नाही. तुमच्या किनाऱ्यापासूनही दहा मिनिटांवर काहीतरी असेल, आणि तिथून कुणीतरी हात हलवत असेल. घाई करू नका. पोट भरलेलं असेल तर थांबा. रिकामं असेल, तर आधी काहीतरी खाऊन घ्या.